दीड तोळा चांदीचे मोल
प्राचीन ग्रीक रौप्यनाण्यांचा संग्रह, पारख आणि लिलाव

प्राचीन अथेन्सचे चांदीचे एक मोठे नाणे तळहातावर घेतले, तर त्याचे वजन सुमारे १७ ग्रॅम भरते. आपल्याकडील जुन्या मापाने हे वजन जेमतेम दीड तोळा होते. दीड तोळा चांदीचे दाम किती, हे कोणताही सराफ क्षणार्धात सांगेल. तेच नाणे झुरिच, लंडन अथवा न्यूयॉर्क येथील लिलावात मांडले गेले, की मात्र तराजू निरुपयोगी ठरतो. त्याच जातीचे एक नाणे काही शे डॉलरांत जाते, दुसरे काही हजारांत. आणि तसल्याच चांदीची काही दुर्मीळ नाणी लक्षावधीपर्यंत पोहोचतात. धातू तोच आणि वजनही जवळजवळ तेच असताना हा फरक कशाचा? ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या नाण्याची आणि माणसाची पारख ही विद्या मानली गेली, त्या समाजातील वाचकांना या प्रश्नाचे उत्तर निश्चितच रोचक वाटेल.

घुबडाची नाणी

नाणी पाडण्याची प्रथा इ. स. पूर्व सातव्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, लिडिया राज्यात व त्याच्या शेजारच्या ग्रीक नगरांत सुरू झाली. आरंभीची नाणी सोने व चांदी यांच्या नैसर्गिक मिश्रणाची होती. पुढे चांदी हाच ग्रीक जगाचा मुख्य चलनधातू झाला. प्रत्येक नगरराज्याने आपली खूण निवडली. एजिना बेटाने समुद्रकासव, कॉरिंथने पंख असलेला घोडा आणि अथेन्सने घुबड. भारतीय मनाला घुबड अशुभ वाटते. अथेन्समध्ये ते नगरदेवता अथीनाचे, म्हणजे बुद्धीच्या देवतेचे पक्षी होते.

नाण्याच्या एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना आणि दुसऱ्या बाजूस अंग एका कडेला वळवून थेट आपल्याकडे पाहणारे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि नगराच्या नावाची तीन अक्षरे. हे नाणे चार द्राख्मांचे, म्हणून त्याला टेट्राड्रॅक्म म्हणतात. अथेन्सच्या शिल्पकलेने इ. स. पूर्व पाचव्या शतकात शिखर गाठले, तरी नाण्यावरील अथीनाचा डोळा मात्र जुन्याच वळणाचा, चेहरा एका बाजूने दिसत असताना डोळा समोरून दिसावा असा, राहिला. याचे कारण सौंदर्यदृष्टीचा अभाव हे नव्हते. इजिप्तपासून सिरियापर्यंतचा व्यापारी हे रूप ओळखत होता. रूप बदलले तर विश्वास डळमळेल, ही व्यवहारी जाणीव त्यामागे होती.

ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरियन येथील खाणींतून येई. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा लागला. हे धन नागरिकांना प्रत्येकी १० द्राख्मा याप्रमाणे वाटून टाकावे, असा विचार पुढे आला. थेमिस्टोक्लीस या नेत्याने ते वाटण्याऐवजी त्यातून युद्धनौका बांधण्यास लोकांना राजी केले. त्याच आरमाराने इ. स. पूर्व ४८० मध्ये सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या प्रचंड नौदलाचा पराभव केला.

या उज्ज्वल कथेची दुसरी बाजू लॉरियनच्या अरुंद बोगद्यांत दडलेली आहे. तेथे राबणारे हात प्रामुख्याने गुलामांचे होते. झेनोफोन या ग्रीक लेखकाने नोंदवले आहे, की निकियास या धनाढ्य अथेन्सकराने आपले १,००० गुलाम दरडोई दररोज एक ओबोल भाड्याने खाणीत कामाला लावले होते. सहा ओबोलांचा एक द्राख्मा होई. म्हणजे एका मनुष्याच्या चोवीस दिवसांच्या श्रमांचे भाडे घुबडाचे एक नाणे, आणि तेही त्याच्या धन्याच्या हाती. काचेच्या पेटीतील चकाकत्या नाण्याकडे पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.

बाजारपेठेतील पारखी

नाणे आले, तेव्हा खोटे नाणेही आले. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवून खऱ्यासारखे दिसणारे नाणे पाडण्याची कला त्या काळीही अवगत होती. इतकेच नव्हे, तर पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस खजिना रिता झाला, तेव्हा खुद्द अथेन्स नगरानेच तांब्यावर चांदी चढवलेली नाणी चालवली.

यावर अथेन्सने केलेला उपाय इ. स. पूर्व ३७५ च्या एका शिलालेखामुळे कळतो. हा लेख १९७० मध्ये अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात सापडला. त्यातील कायद्यानुसार सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसे. तो स्वतः नगराच्या मालकीचा गुलाम असे. आणलेले नाणे चांदीचे व नगराचा ठसा असलेले असेल, तर तो ते परत देई. आतून तांबे वा शिसे निघाले, तर तेथल्या तेथे छिन्नीने कापून ते देवमातेला अर्पण केले जाई, म्हणजे पुन्हा चलनात येण्याची वाट बंद. पारख्याने खरे ठरवलेले नाणे एखाद्या व्यापाऱ्याने नाकारले, तर त्याचा त्या दिवशीचा माल जप्त होई. आणि पारखी आपल्या जागी बसला नाही अथवा त्याने नियमाप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला ५० फटके.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चलनातील नाण्यांची परीक्षा करणाऱ्या ‘रूपदर्शक’ नावाच्या अधिकाऱ्याची तरतूद आहे. दोन दूरच्या संस्कृतींना एकच गोष्ट उमगली होती. नाण्यावरचा ठसा म्हणजे एक वचन असते आणि ते वचन तपासणारा कोणी नसेल, तर बाजार चालत नाही.

त्या काळच्या तपासणीच्या खुणा आजही दिसतात. पूर्वेकडील बाजारांत गेलेल्या अनेक घुबडांवर छिन्नीचा खोल घाव असतो. तत्कालीन व्यापाऱ्याला त्या घावाने खात्री दिली. आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने त्याच घावामुळे नाण्याचे मोल घटते.

मोल कशाकशाने ठरते

ग्रीक नाणी यंत्रावर पाडलेली नव्हती. खालच्या ऐरणीत एक ठसा बसवलेला, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वरून दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. त्यामुळे एकाच ठशाच्या जोडीतून निघालेली दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. चकती किंचित सरकली, की देवतेचे नाक वा घुबडाचे पाय नाण्याबाहेर जातात. अथेन्सच्या नाण्यांत अथीनाच्या शिरस्त्राणावरील तुरा बहुधा अर्धवटच उमटलेला आढळतो. तो संपूर्ण दिसणाऱ्या नाण्याला म्हणूनच अधिक किंमत येते.

जाणकार प्रथम नाणे अस्सल आहे की नाही, हे पाहतो. मग ठसा मध्यभागी बसला आहे काय, घाव पुरेसा जोरकस होता काय, ठसा ताजा होता की झिजलेला, हे तपासतो. त्यानंतर पृष्ठभाग. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी कधी ठिसूळ होते, तिच्यावर क्षारांचे थर चढतात. आणि ते हटवण्याच्या उत्साहात अनेक नाण्यांचा मूळ पृष्ठभाग कायमचा खरवडला जातो. संग्राहकाच्या कपाटात दीर्घकाळ राहिल्याने चांदीवर चढलेली मंद करडी-निळसर झाक मात्र आदराने पाहिली जाते. घरातील चांदीची भांडी घासून लख्ख करण्याची सवय असलेल्या हातांनी येथे विशेष संयम बाळगावा लागतो, कारण नवशिक्याच्या हातून होणारे सर्वांत महाग नुकसान म्हणजे जुने नाणे घासून चकचकीत करणे.

यानंतर येते शैली. एकाच काळी, एकाच नगरात ठसे कोरणारे अनेक कारागीर असत आणि सर्वांचा हात सारखा नसे. सिसिली बेटावरील सिरॅक्यूज नगरात इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास किमॉन आणि युएनेटॉस हे दोन कोरक होऊन गेले. त्यांनी दहा द्राख्मांच्या मोठ्या नाण्यांचे ठसे घडवले. सुमारे ४३ ग्रॅम, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून थोड्या अधिक वजनाच्या या नाण्यांवर एका बाजूस धावत्या चार घोड्यांचा रथ आणि खाली विजेत्याला बक्षीस द्यावयाचे चिलखत-शस्त्रे, तर दुसऱ्या बाजूस देवतेचे मुख आणि तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन आहेत. आपल्या कामाचा अभिमान एवढा, की किमॉनने देवतेच्या केसांवरील पट्टीवर आपल्या नावाची आद्याक्षरे बारीक कोरून ठेवली. पूजनीय प्रतिमेवर कारागिराने सही करावी आणि नगराने ती चालू द्यावी, ही घटना असामान्यच म्हटली पाहिजे. अशा सहीच्या नाण्यांसाठी आजही मोठी चढाओढ लागते.

दुर्मिळता हा घटक सर्वांना प्रथम आठवतो, पण तो एकटा पुरेसा नाही. घुबडाची नाणी अजिबात दुर्मीळ नाहीत. तरीही ती हवीशी वाटतात, कारण प्रत्येक संग्राहकाला निदान एक घुबड हवे असते. ग्रीस देशाच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच घुबड आहे. याउलट एखाद्या अप्रसिद्ध नगराचे जगात मोजकेच नमुने उरलेले नाणे माफक दामात मिळू शकते, कारण ते मागणारेही मोजकेच. मोल वस्तूच्या संख्येने ठरते तसे ते इच्छुकांच्या संख्येनेही ठरते, हा बाजाराचा जुना नियम येथेही लागू पडतो.

हातोडा पडतो तेव्हा

लिलावगृह विक्रीपूर्वी सूची प्रसिद्ध करते. तीत नाण्याचे छायाचित्र, वजन, व्यास, ठशांचे संदर्भ, पूर्वीच्या मालकीचा उल्लेख आणि अपेक्षित किंमत दिलेली असते. ही अपेक्षित किंमत अनेकदा जाणूनबुजून कमी ठेवलेली असते, कारण स्वस्त वाटणारी वस्तू अधिक बोलीदार खेचते. बोली सभागृहातून, दूरध्वनीवरून, लेखी अथवा संगणकावरून लावता येते.

हातोडा पडला म्हणजे व्यवहार ठरला. पण हातोड्याची किंमत ही खरेदीदाराची अंतिम किंमत नव्हे. तिच्यावर लिलावगृहाचे अधिमूल्य बसते, आणि ते पुष्कळ ठिकाणी २० टक्के वा त्याहून अधिक असते. १,००० फ्रँकवर हातोडा पडला, तर खरेदीदाराला १,२०० मोजावे लागतात. पाठवणी, विमा आणि आयातीवरील कर निराळे. विक्रेत्याच्या रकमेतूनही दलाली कापली जाते. म्हणून आज विकत घेतलेले नाणे उद्या त्याच किमतीला विकले, तरी त्यात तोटाच असतो. नाण्यांकडे झटपट नफ्याचे साधन म्हणून पाहणाऱ्याने हा हिशेब प्रथम मांडावा.

लिलावाच्या सभागृहात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे स्वतःचेच मन. दुसऱ्याने बोली वाढवली, की वस्तूचे मोल अचानक वाढल्यासारखे वाटते. अनुभवी संग्राहक म्हणून घरीच आपली मर्यादा कागदावर लिहून ठेवतो. सारखी नाणी मागील काही वर्षांत कितीला गेली, हे जुन्या सूचींतून पाहून तो ती ठरवतो आणि मर्यादा ओलांडली जाताच हात खाली घेतो. परिग्रहाला मर्यादा घालण्याची शिकवण बाल्यापासून कानावर पडलेल्यांना हे समजायला सोपे, आचरायला मात्र इतरांइतकेच कठीण.

खऱ्यासारखे खोटे

अथेन्सच्या पारख्याला चलनातील खोटी नाणी ओळखायची होती. आजच्या पारख्यासमोर संग्राहकांनाच फसवण्यासाठी घडवलेली नाणी असतात. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा या विद्येतील कुप्रसिद्ध पुरुष. तो स्वतः उत्तम कोरक होता आणि खऱ्या प्राचीन चांदीवर स्वतः कोरलेल्या ठशांनी नाणी पाडी. नव्या नाण्यांचा नवेपणा घालवण्यासाठी ती लोखंडाच्या किसात घालून तो पेटी आपल्या घोडागाडीला जोडी आणि फेरफटका मारून येई. रस्त्याच्या हादऱ्यांनी नाण्यांवर हवी तशी झीज चढे. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात जमा झाले आणि आज ते अभ्यासाचे साधन आहेत.

विसाव्या शतकातही तज्ज्ञांची कसोटी पाहणारे प्रसंग आले. १९८८ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या ग्रीक नगरांची चांदीची लहान नाणी एकाएकी मोठ्या संख्येने बाजारात आली. ती खरी की बनावट, यावर जाणत्यांत तीव्र मतभेद झाले. अखेर सूक्ष्म तपासणीअंती ती आधुनिक बनावट असल्याचा निर्णय झाला. दीर्घ अनुभवाच्या डोळ्यांनाही चूक होऊ शकते, हा त्यातील धडा. म्हणूनच नवख्या संग्राहकाला जाणकार एकच सल्ला देतात. आधी ग्रंथ घ्यावेत, मग नाणी. आणि खरेदी अशाच विक्रेत्याकडून करावी, जो नाणे खोटे ठरल्यास केव्हाही परत घेण्याची लेखी हमी देतो.

नाणे आले कोठून?

पूर्वी सूचीतील शेवटची ओळ कोणी फारशी वाचत नसे. आज जाणता खरेदीदार तीच ओळ प्रथम वाचतो. ती ओळ म्हणजे नाण्याची पूर्वपीठिका, म्हणजे ते याआधी कोणाच्या संग्रहात होते याची नोंद. पॅरिसचे विख्यात शल्यविशारद सॅम्युएल पोझी यांचा ग्रीक नाण्यांचा विशाल संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे लिलावात निघाला. त्या सूचीतील चित्रांशी ज्याचा काठ, चिरा आणि ठशाची ठेवण जुळते, त्या नाण्याला शंभर वर्षांचा निर्विवाद पुरावा मिळतो. हाताने पाडलेले प्रत्येक नाणे निराळे असते, हीच गोष्ट येथे त्याच्या ओळखपत्राचे काम करते.

ही नोंद इतकी महत्त्वाची का झाली, हे १९८४ च्या एका घटनेवरून समजते. तुर्कस्तानात अंताल्याजवळील एल्माली गावापाशी धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना सुमारे १,९०० प्राचीन रौप्यनाण्यांचा ठेवा सापडला. त्यात अथेन्सची दहा द्राख्मांची अतिदुर्मीळ नाणी होती. एकाच ठेव्यात १४. तोवर अशी नाणी साऱ्या जगात मोजकीच ठाऊक होती. ठेवा चोरून देशाबाहेर नेला गेला आणि त्यातील बहुतेक नाणी अमेरिकेतील एका धनिक संग्राहकाच्या गटाने विकत घेतली. तुर्कस्तानने दावा दाखल केला, तो दहा वर्षे चालला आणि १९९९ मध्ये १,६०० हून अधिक नाणी मायदेशी परतली. विकत घेणाऱ्यांचे धन गेले आणि नाव चर्चेत आले, ते वेगळेच.

अगदी अलीकडेही, २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात विक्रमी किमतीला गेलेल्या एका रोमन सुवर्णनाण्याची पूर्वपीठिका खोटी असल्याचे अमेरिकेतील तपासयंत्रणेला आढळले. लिलावगृहाच्या प्रमुखाला अटक झाली आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसच्या स्वाधीन करण्यात आले. सिसिलीतील नॅक्सोस नगराचे एक सुंदर रौप्यनाणेही त्याच प्रकरणात गुंतलेले होते. नाणे अस्सल असूनही त्याच्यासोबतचा कागद खोटा असू शकतो, हे बाजाराला त्यातून नव्याने कळले.

जोगलटेंभीचा ठेवा

परदेशातील हे प्रश्न आपल्यापासून दूर नाहीत. ग्रीक द्राख्मा भारतात फार पूर्वी पोहोचला. वायव्येकडील ग्रीक राजांनी एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत लेख असलेली नाणी पाडली. एकोणिसाव्या शतकात त्याच जोडलेखांच्या आधारे जेम्स प्रिन्सेप यांना खरोष्ठी लिपी उलगडण्याची वाट सापडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात अपोलोडोटस आणि मिनॅन्डर, म्हणजे आपला मिलिंद, यांचे जुने द्राख्मा भडोचच्या बाजारात अजून चालतात, अशी नोंद आहे. ‘द्राख्मा’चे संस्कृत-प्राकृतात ‘द्रम्म’ झाले, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ते आले आणि त्याचाच ‘दाम’ आजही आपल्या तोंडी आहे.

त्या परंपरेतील चांदीची नाणी क्षत्रप राजा नहपान याने पाडली. त्यांवर त्याचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरांत त्याचे नाव आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे अशा नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. त्या विजयाची साक्ष या ठेव्याने धातूत दिली. पराभूत राजाचे मुख आणि त्यावर विजेत्याची चैत्याची खूण, असे दोन्ही एकाच नाण्यावर वाचता येते.

या साक्षीचे बळ एका नाण्यात नव्हते. ते संख्येत आणि एकत्र असण्यात होते. ठेवा एकत्र राहिला, मोजला गेला, अभ्यासला गेला, म्हणून इतिहास बोलला. तोच रातोरात फुटून, घासून-पुसून, सुटा सुटा विकला गेला असता, तर हजारो घरांत एकेक शोभेची वस्तू पोहोचली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा पुरावा कायमचा मुका झाला असता. एल्मालीच्या बाबतीत जे घडले आणि जोगलटेंभीच्या बाबतीत जे टळले, त्यातील अंतर ते हेच.

भारतीय कायदाही याच जाणिवेवर उभा आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे; आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष असून कोणालाही तो खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. घरातील जुन्या पेटीत आजोबांची नाणी निघाली, तर ती न घासता, कोठून आली याची आठवण असलेल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून, एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्यासोबत ठेवावी. उद्याच्या अभ्यासकाला त्या नाण्याइतकीच ती चिठ्ठीही मोलाची ठरेल.

अथेन्सच्या बाजारात बसणाऱ्या त्या पारख्याला नाण्यात चांदी आहे काय, एवढेच पाहायचे होते. आजच्या खरेदीदाराला त्यापुढचा प्रश्नही विचारावा लागतो, की ही चांदी आपल्या हाती कोणत्या वाटेने आली. दीड तोळा धातूचे वजन तराजू सांगतो, कलेचे मोल लिलावाचा हातोडा सांगतो. त्या वाटेचे उत्तर मात्र घेणाऱ्याने बोली लावण्यापूर्वी स्वतःच मिळवायचे असते.